घरून आंघोळ करून आलेली

आ-होंग मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. ती गेल्यावर मी तिच्याबद्दल चार शब्द चांगले बोलेन, कारण तशी रीत आहे. पण बाई अजून ठणठणीत आहे, आणि कालच सकाळी तिने माझ्या टाचांच्या भेगांवरून सगळ्यांसमोर माझी शोभा केली.

आमची ओळख न्हाणीघरातली. यांगमिंगशानच्या डोंगरात, उद्यानाच्या हद्दीत, एक फुकटचं न्हाणीघर आहे. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये भिंत. भिंत छपराला टेकत नाही, त्यामुळे पलीकडच्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची हालहवाल आम्हाला कळते आणि आमच्या सुनांची त्यांना. आत दगडी हौद, त्यात तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं गरम पाणी, आणि गंधकाचा असा वास की नवी माणसं दारातच नाक धरतात. मी खाली शहरात, शिलिनमध्ये, कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवते. दिवसभर मशीनवर वाकून कंबर धरते, म्हणून दुकान उघडायच्या आधी पहिल्या बसने वर जाते. बसमध्ये निम्म्या बायका डोंगर चढणाऱ्या, निम्म्या आमच्यासारख्या. वर पोचेपर्यंत खिडकीबाहेर धुकं आणि आत सगळ्यांच्या पिशव्यांतले बादली-टमरेल खडखडत असतात.

बायकांची बाजू कागदोपत्री उद्यानाची. खरी आ-होंगची. हौदात जिथे नळीतून पाणी पडतं ती सगळ्यात कडक जागा तिची. भिंतीशी निळं प्लास्टिकचं स्टूल आहे, त्याचा एक पाय नायलॉनच्या दोरीने बांधलेला, तेही तिचं. कोणी नवखी त्याच्यावर बसली की आ-होंग हौदातून नुसती बघते. ती बाई आपोआप उठते.

आणि तिचे नियम! आधी स्टुलावर बसून साबणाने धुवायचं, उभ्याने नाही, शेजारणीवर शिंतोडे उडतात. केस वर बांधायचे. मग पायांवर, मांड्यांवर, छातीवर गरम पाणी घ्यायचं आणि मगच हौदात उतरायचं. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. कोणी फार वेळ बसलं की, "ऊठ गं, शिजलीस. इथे मेलीस तर पाणी बदलावं लागेल." हे नियम दारावरच्या पाटीवरही लिहिलेत, अगदी सभ्य भाषेत. आ-होंग तेच शिव्यांत सांगते. पोहायचा पोशाख घालून आलेल्या एका पोरीला तिने विचारलं होतं, "काय गं, घरी आंघोळही कपडे घालूनच करतेस? तुझी आई तुला धुते की इस्त्री करते?" पोरगी रडत गेली. एकदा माझा पंचा डोक्यावरून घसरून पाण्यात पडला, एकदाच. त्या दिवसापासून मी टॉवेलवाली. माझं नाव आ-युन आहे हे तिला ठाऊक आहे, पण इतक्या वर्षांत तिने ते एकदाही घेतलेलं नाही.

"अगं, ती अशी का आहे ठाऊक आहे का तुला?" निवृत्त शिक्षिका तान बाई मला एकदा बसमध्ये म्हणाल्या.

"अशी आहे म्हणून अशी आहे," मी म्हटलं. "कारणं कशाला शोधायची?"

पण तान बाईंना सगळ्यांची कारणं ठाऊक असतात, आणि त्या सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

आ-होंगचं घर न्हाणीघराच्या वरच्या वळणावर, कोबीच्या वाफ्यांच्या कडेला. तिच्या सासऱ्याने बांधलेलं, दगडाचं, बुटकं. ती लग्न होऊन तिथे आली तेव्हा तो नुसता डोंगर होता. उद्यान नंतर झालं. उद्यान झाल्यावर झाडांना, पाखरांना, वाफेच्या भोकांना संरक्षण मिळालं आणि आ-होंगच्या घराला कुलूप लागलं. राहायचं तर राहा, पण भिंत वाढवायची नाही, खोली काढायची नाही. त्या घरात मोरी नाही. पूर्वी कोणाच्याच घरात नव्हती. ओढ्यात जिथे गरम पाणी गारात मिसळतं तिथे गाव न्हायचं. संडास मागे पत्र्याच्या खोपटात. बाकीची घरं एकेक करून खाली शहरात उतरली. आ-होंगचा नवरा ट्रक चालवायचा, एका पावसाळ्यात रस्त्यासकट खाली गेला. ती मुलाला घेऊन तिथेच राहिली. वाफ्यातली रताळ्याची पानं, कोबी आणि कंद रस्त्याच्या कडेला बसून विकायची, संध्याकाळी मुलाला न्हाणीघरात पुरुषांच्या बाजूला पाठवायची आणि भिंतीवरून ओरडायची, "कान धुतलेस का रे?" पलीकडचे म्हातारे त्याचे कान तपासून उत्तर द्यायचे.

म्हणजे आमच्यासाठी जे सहलीचं ठिकाण, ती आ-होंगची मोरी. तान बाई हे सांगताना गहिवरल्या होत्या. मी नाही गहिवरले. माझ्या घरी मोरी आहे म्हणून मी तिच्या शिव्या खायच्या, असा कुठे कायदा आहे?

सोमवारी न्हाणीघर धुण्यासाठी बंद असतं. त्या दिवशी आ-होंग अंगाला पाणी लावत नाही. थंडीत उघड्यावर किटलीभर पाण्याने काय आंघोळ होणार? सोमवारी ती भाजी विकायला इतर बायकांपासून हातभर लांब बसते आणि हिरवं तेल चोळते, ते डास चावल्यावर लावतात ना, तेच. त्या वासावरून वार कळतो.

आता मुलाचं. मुलाचं नाव बुन-किएत. डोंगराच्या पायथ्याशी टायरच्या दुकानात काम करतो. चाळिशी उलटलेला, अंगाने आडवा, बोलायला मऊ. आईने इतकं बोलून ठेवलंय की त्याच्या वाट्याला शब्दच उरले नाहीत. त्याची ठरत आलेली लग्नं मोडली. एक मुलगी घर बघायला आली, जेवली, हात धुवायला कुठे जाऊ म्हणाली. तिला मागच्या अंगणातली रबरी नळी दाखवली. ती पुन्हा आली नाही. दुसरीने तर दारातून आत बघितलं आणि विचारलं, "आंघोळ कुठे करता?" आ-होंगने अभिमानाने डोंगराखाली बोट दाखवलं. तीही गेली. त्यानंतर आ-होंगसमोर लग्नाचा विषय काढायची कोणाची छाती नव्हती, पण तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. भाजी बांधतानाही ती गिऱ्हाइकाला विचारायची, "तुमच्याकडे कोणी आहे का हो? वय चालेल. घटस्फोटितही चालेल. फक्त वर राहायला हवी." त्या घरात चूल पेटती राहावी, मुलगा खाली उतरू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यापायी तिला झोप लागत नसे, हे तिच्या डोळ्यांखाली दिसायचं.

तर तो दिवस. पानगळीचे दिवस, कडेची गवतं पांढरी झालेली, धुक्यात बस घोंघावत वर आलेली. न्हाणीघरात आम्ही सात-आठ जणी. आ-होंग तिच्या जागी, गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून. एवढ्यात दाराचा पडदा बाजूला झाला आणि एक बाई आली.

चाळिशीच्या अलीकडची. अंगाने भरलेली, चेहरा तरतरीत. कपडे काढून आली होती, हातात छोटा पंचा, पण डोक्यावर काय! केस सेट केलेले, एकेक कुरळी बट जागच्या जागी, वर फवारा मारून घट्ट केलेली. डोळ्यांना काळी रेघ. अंगाला कसल्याशा क्रीमचा फुलांचा वास, तो गंधकातूनसुद्धा आला. मी मनात म्हटलं, ही मेली आज.

ती इकडेतिकडे बघत नव्हती. तिने सरळ आ-होंगकडे बघितलं, जरा हसली, आणि स्टुलांच्या रांगेवरून पुढे येऊन हौदात पाय टाकला.

"बाहेर!"

आ-होंगचे डोळे मिटलेलेच होते. तिला पाण्याच्या आवाजावरून कळतं.

"पाय बाहेर काढ!"

"मावशी, मी..."

"कोण तुझी मावशी? मी तुझ्या आईची बहीण नाही. पाय काढ आधी, मग नाती लाव."

बाईने पाय काढला. गाल लाल झाले होते, पण आवाज नीट होता. "मावशी, मी घरून आंघोळ करून आलेय."

तान बाईंनी डोळे मिटून घेतले. मी माझी बादली बाजूला ओढली. हे वाक्य तिथे उच्चारायचं नसतं. प्रत्येक नवखी ते उच्चारते, आणि प्रत्येक वेळी आम्हाला ठाऊक असतं पुढे काय होणार.

आ-होंग उभी राहिली. पाणी तिच्या अंगावरून निथळत होतं. सत्तरी ओलांडलेली, वाळकी, पोटावर बाळंतपणाची घडी, आणि आवाज मात्र बाजारात भाव सांगणाऱ्या बाईचा.

"ऐकलंत का गं? ही घरून आंघोळ करून आलीय! राणीसाहेबांच्या घरी न्हाणी आहे. पांढऱ्या टाइल्स असतील. आरसा असेल. गरम नळ वेगळा, गार नळ वेगळा. मग इथे कशाला तडफडलीस? घरच्याच टबात पडून राहायचं होतंस!"

"अहो, एवढं ओरडायला काय झालं?"

"घरची आंघोळ घरी ठेवायची! इथे यायचं तर इथे बसायचं, इथे धुवायचं, चारचौघींच्या डोळ्यांदेखत. आणि हे डोक्यावर काय? वार्निश मारलंयस का? ते पाण्यात उतरलं की आम्ही सगळ्यांनी चमकत घरी जायचं?"

"माझ्या केसांवर बोलू नका." आता बाईचाही आवाज चढला. "लोकांची डोकी धुवून पोट भरते मी. धुणं मला शिकवू नका."

"लोकांची डोकी धुतेस, मग स्वतःचे पाय धुवायला मुहूर्त काढावा लागतो का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मीच असेन. आ-होंगला कोणी उलट बोललेलं मला नेहमीच आवडतं.

"तुमच्यासारख्या बायका आमच्या दुकानात येतात," बाई म्हणाली. "पाणी गरमच आहे, पाणी गारच आहे, मान दुखली, कानात गेलं. मी सगळ्यांचं ऐकून घेते कारण ते माझं काम आहे. इथे मी कामावर नाही."

"मग जा ना कामावर!"

आणि आ-होंग हौदाबाहेर आली, गार नळाखालची भरलेली बादली उचलली आणि त्या बाईच्या डोक्यावरून ओतली. सगळी. आमच्या डोंगरातलं गार पाणी म्हणजे हाडात शिरतं. बाईच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. सगळ्या बटा सुटून चेहऱ्यावर चिकटल्या, डोळ्यांची काळी रेघ गालावरून हनुवटीपर्यंत आली.

मला वाटलं ती रडेल. नाहीतर हात उचलेल. ती तशीच उभी राहिली, तोंडावरून पाणी निपटलं आणि अगदी हळू म्हणाली, "तो म्हणाला होता, तुम्ही पाण्यात असलात की खुशीत असता."

"कोण तो?" आ-होंग खेकसली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. मऊ, अडखळता, आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा.

"आई? ए आई! सिउ-बान आत आलीय का? भेटली का तुला?"

न्हाणीघरात फक्त नळीचं पाणी पडत होतं. आ-होंगच्या हातात रिकामी बादली.

"मोठ्याने ओरड रे, तिला ऐकू गेलं नसेल," पलीकडून एक म्हातारा.

"कोण सिउ-बान?" दुसरा.

"माझी..." बुन-किएतचा आवाज आणखी बारीक झाला. "आम्ही लग्न करायचं म्हणतोय. म्हटलं, आईला आधी इथेच भेटावी. घरी नेलं की लोक नळी बघूनच जातात. इथे आईचा मूड बरा असतो. सिउ-बान पाठ घासून देईल, मग सांगेल कोण ते."

"अरे गाढवा!" तिसरा म्हातारा कळवळून ओरडला. "सून दाखवायला न्हाणीघरात आणलीस? आ-होंगसमोर?"

हे असं आमच्याचकडे होऊ शकतं. खाली शहरातल्या माणसाने तिला हॉटेलात नेलं असतं. पण बुन-किएतला आयुष्यात सुख म्हणून जे माहीत होतं ते या भिंतीच्या दोन बाजूंना होतं. म्हणून तो तिला तिथे घेऊन आला. आणि ती बिचारी सासूला भेटायचं म्हणून पहाटे उठून आंघोळ करून, केस करून, क्रीम लावून आली होती. जे जे मानाने केलं ते ते सगळं इथे गुन्हा ठरलं.

आ-होंगने माफी मागितली नाही. तो शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता, आणि तिची हनुवटी हलत होती. ती घाबरली होती. आ-होंगला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला त्याची मजा वाटली नाही, याचाच मला राग आला.

तिने बादली खाली ठेवली. आपल्या निळ्या स्टुलावर जाऊन बसली, पाठ सिउ-बानकडे करून. खुंटीवरची घोसाळ्याची वाळकी जाळी घेतली आणि मागे न बघता खांद्यावरून धरली.

नवरा गेल्यापासून त्या पाठीला कोणाचा हात लागलेला नव्हता. तान बाईंनी एकदा पाठ चोळून देऊ का म्हणून विचारलं होतं, तर म्हणाली होती, "माझी पाठ पडली नाहीये अजून."

सिउ-बानने जाळी घेतली. मला वाटलं, आता हळूच लावेल, मायेने. कसलं काय! तिने जळक्या पातेल्याचं बूड घासावं तशी ती पाठ घासली. मानेपासून कमरेपर्यंत, खालून वर, वरून खाली, दात आवळून. पाठ गुलाबी झाली, मग लाल झाली. आ-होंग गुडघ्यांवर हात रोवून बसून राहिली, हूं की चूं नाही. मग सिउ-बानने तीच बादली त्याच गार नळाखाली धरली, भरेपर्यंत वाट बघितली आणि आ-होंगच्या डोक्यावर ओतली. सगळी.

आ-होंगने श्वास ओढला तो भिंतीपलीकडे ऐकू गेला असेल.

"आई?" बुन-किएत. "काय झालं? कशी आहे?"

आ-होंगने तोंडावरचं पाणी पुसलं, नाक शिंकरलं.

"हाताला जोर आहे," ती म्हणाली.

पलीकडच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिउ-बान स्टूल ओढून बसली, पाय धुतले, दोन्ही, बोटांच्या मध्येसुद्धा, आ-होंगकडे बघत बघत.

त्या दिवशी ती वर घरी जेवली. पुढचं मला सिउ-बाननेच सांगितलं, कारण तिचं केशकर्तनालय निघालं आमच्याच गल्लीत, आणि एका बाईला शिव्या द्यायला दोघी मिळाल्या की मैत्री व्हायला वेळ लागत नाही. जेवण चांगलं होतं. कोंबडी, कंदाचं कालवण, आल्याच्या पाण्यातली रताळी. आ-होंगने तिला तीनदा वाढलं आणि तीनदा म्हणाली, जाड झालीस की खुर्चीमागे उभं राहवणार नाही. मग सिउ-बानने हात कुठे धुवू म्हणून विचारलं नाही. ती आधीच उठून मागे गेली, नळी बघितली, पत्र्याचं खोपट बघितलं, वाऱ्यात हलणारं त्याचं दार बघितलं. बस थांब्यावर तिने बुन-किएतला सांगितलं, "तुझी आई मला चालेल. तिचं घर नाही चालायचं."

हे आ-होंगपर्यंत पोचलं, आणि बाई कामाला लागली. शिव्या घालून माणूस टिकत नाही हे तिला कळलं असेल नसेल, पण न्हाणी नसेल तर टिकत नाही हे पक्कं कळलं होतं. तिने एका ओळखीच्याकडून मोडक्या घरातल्या विटा आणल्या, कोबीच्या टोपलीतून. पांढऱ्या टाइल्स आणल्या, कुठल्याशा दुकानातल्या उरलेल्या, कडा तुटक्या. घराच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी, पावसात, प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन तिने स्वतःच्या हाताने भिंत रचायला घेतली. रोज न्हाणीघरात यायची ती नखांत सिमेंट घेऊन. आम्ही बघायचो. पहिल्यांदाच तिला धुवायला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा.

भिंत कमरेएवढी झाली आणि कोणीतरी उद्यानाच्या कचेरीत कळवलं. डोंगर चढणारा कोणी असेल, फोटो काढला असेल. तिथून एक तरुण मुलगा आला, नम्रपणे बोलला, वाकून नमस्कार केला, म्हणाला आजी, नियम माझा नाही. आ-होंगने त्याच्या पायांवर ओलं सिमेंट फेकलं. पण भिंत पाडावी लागली. ती बुन-किएतने पाडली.

ती अजून म्हणते की मी कळवलं. "टॉवेलवालीचं काम," असं ती बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते. मी कळवलं नाही. मला कळवायचं असतं तर मी तिच्या तोंडावर सांगून कळवलं असतं.

बुन-किएत आणि सिउ-बानचं लग्न झालं, आणि ते खाली राहायला गेले. आमच्याच गल्लीत, चौथ्या मजल्यावर, भाड्याची जागा. तो आठवड्यातून दोनदा वर जातो, लाकडं फोडून देतो, छपरावर ताडपत्री घालतो, पुरुषांच्या बाजूला आंघोळ करून खाली येतो. आ-होंग भिंतीवरून विचारते, "कान धुतलेस का?" तो हो म्हणतो. त्या घरात आता ती एकटी. खाली ये म्हणून तिला शंभरदा सांगून झालं. ती म्हणते, खाली पाण्याला वास नाही.

गेल्या थंडीत, सगळ्यात लहान दिवसाच्या सणाला, सिउ-बानने मला जेवायला बोलावलं. त्या दिवशी आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे खातात, तेवढे खाल्ले की माणूस एक वर्षाने मोठा होतो. मी म्हटलं, तुझी सासू येणार का? ती म्हणाली, येणार, पहिल्यांदा. मी म्हटलं, मग मी नाही येत. ती म्हणाली, "म्हणूनच या. मला कोणीतरी माझ्या बाजूचं हवं."

सिउ-बान सकाळपासून तयारीला लागली होती. स्वयंपाकाची नव्हे, न्हाणीची. टब घासून लख्ख केला होता. शेजारी नवं निळं प्लास्टिकचं स्टूल, बुटकं, अगदी वर आहे त्याच उंचीचं. वर टमरेल, घोसाळ्याची नवी जाळी. कुठूनतरी गंधकाची पूडसुद्धा आणली होती, पाण्यात टाकायची, त्याने सगळ्या जागेला उकडलेल्या अंड्याचा वास सुटला होता. "आज तिची पाठ इथे घासते की नाही बघा," ती मला म्हणाली. भांडायला निघाल्यासारखी म्हणाली, पण डोळे वेगळे होते.

आ-होंग आली. चांगला कोट घातलेला, एका हातात कोबी, दुसऱ्या हातात कापून साफ केलेली कोंबडी. मला बघून म्हणाली, "ही इथेही?" मी म्हटलं, "पंचा घरी ठेवून आलेय." ती बूट काढून आत आली आणि मला हिरव्या तेलाचा वास आला. भरपूर लावलं होतं, कोटाच्या आतपर्यंत.

सोमवार होता.

"आई, पाणी काढलंय," सिउ-बान म्हणाली. तिने बाह्या वर केल्या होत्या. "कडक आहे, तुम्हाला लागतं तसं. चला, आधी आंघोळ, मग गोळे."

आ-होंग न्हाणीच्या दारात गेली. दिवा लावलेला होता. पांढऱ्या टाइल्स, अख्ख्या, एकही कड तुटलेली नाही. गरम नळ वेगळा, गार नळ वेगळा. आरशावर वाफ जमलेली. दोरीवर तिच्या मुलाचा बनियन, कपात दोन टूथब्रश. तिने स्टुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आत पाऊल टाकलं नाही.

"मी आंघोळ करून आलेय," ती म्हणाली.

सिउ-बानचे हात तसेच राहिले. बुन-किएत स्वयंपाकघरात झारा धरून उभा होता, तो वळला. आम्हा चौघांनाही वार ठाऊक होता.

"कुठे?" सिउ-बानने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं.

आ-होंगने कोटाचं वरचं बटण लावलं.

"घरी," ती म्हणाली.

मग ती टेबलाशी जाऊन बसली, माझ्या समोर, आणि माझ्या वाडग्यात दोन गोळे जास्त आहेत म्हणून मला बोलली. सिउ-बान आत गेली आणि तिने टबाचं बूच काढलं. एवढं पाणी निघून जायला वेळ लागतो. आम्ही त्याचा आवाज ऐकत गोळे खाल्ले.